जेवणाआधीचं इन्सुलिन: रेग्युलर की रॅपिड?

परभणीच्या मावशींना डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले आणि त्या पेचात पडल्या.

वेळेचा फरक सगळ्यात मोठा. रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास टोचावं लागतं. लिस्प्रो, अस्पार्टसारखं रॅपिड 10-15 मिनिटांत लागू पडतं, ताट वाढताना घेतलं तरी चालतं. रेग्युलर घेतलं आणि भाकरी अजून तव्यावरच असली, तर साखर घसरते. शिवाय त्याचा असर 6-8 तास राहतो; दुपारी खुरपायला गेलेल्या बाईला तिसऱ्या प्रहरी दरदरून घाम फुटू शकतो. रॅपिड 3-5 तासांत ओसरतं.

खर्चात रेग्युलर बरंच स्वस्त.

सिरिंजकडे मात्र नीट बघा. बाटलीवर मिलीला 40 युनिट लिहिलं असेल तर लाल टोपणाची, 100 असेल तर केशरी. अदलाबदल झाली की डोस अडीच पटीनं चुकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं.

उन्हाळा दोघांनाही सोसत नाही. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूतलं मडकं बरं. इन्सुलिन गढूळ झालं की टाकून द्या.

जेवणार नसाल तर हा डोस घेऊच नका. साखर उतरून हात थरथरले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

जेवणाची वेळ ठरलेली आणि हात आखडता असेल, तर रेग्युलर पुरेसं आहे. शेतीमुळे वेळेचा नेम नसेल किंवा साखर वारंवार उतरत असेल, तर परवडेल तसं रॅपिड घ्यावं. मावशींना मी रॅपिडच सुचवेन. बदलताना डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.