एकच होल मारलं आणि तीन बोरचा रिपोर्ट दिला, सॉइल टेस्टिंग करून घेणाऱ्यांनो सावध राहा

परभणीत आमचा तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे, सगळी काळी जमीन, उन्हाळ्यात भेगांमध्ये अख्खा पंजा जातो, म्हणून अण्णा म्हणाले आधी माती तपास मगच पाया खण. एका एजन्सीशी तीन बोरचं, म्हणजे माती तपासायच्या होलचं ठरलं, प्रत्येकी सहा मीटर, पैसे सगळे आधीच घेतले.

दोन पोरं तिपाई आणि हातोडा घेऊन आली. एक होल सुरू झालेलं मी बघितलं आणि ड्युटीवर गेलो, तिथंच चुकलं माझं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, दीड मीटरवर कडक मुरूम, एन व्हॅल्यू (नळी जमिनीत ठोकायला लागलेले ठोके, जास्त म्हणजे जमीन कडक) ५० च्या वर, साडेचार मीटरला खडक, आरक्यूडी (खडक किती अखंड आहे त्याचं माप) ६५ टक्के. आम्ही खुश.

जेसीबी लावला तर दीड मीटर गेलं, अडीच गेलं तरी काळी चिकट मातीच, बकेटला अशी धरून बसायची की आपटल्याशिवाय सुटत नव्हती. मिस्त्री म्हणाला, दादा, मुरूम कुठाय?

स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि पहिलंच विचारलं, कोर बॉक्स, म्हणजे बोरमधून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांची पेटी कुठंय? आरक्यूडी काढायचा तर मशीनने खडकाची कांडी काढावी लागते, त्यातले १० सेंटीमीटर आणि त्याहून लांब तुकडे मोजतात, आणि त्या पोरांकडे तसलं मशीनच नव्हतं! तिन्ही बोरचे आकडेही एकसारखे, एका पानावर तर दुसऱ्याच गावाचं नाव राहिलेलं. एसपीटीत, म्हणजे ठोके मोजायच्या त्या टेस्टमध्ये, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पडला पाहिजे, पहिले १५ सेंटीमीटर सोडून पुढच्या ३० चे ठोके मोजतात. मला आठवलं, पोरं दोरी ओढून जेमतेम दोन वीत उचलत होती. कमी उंचीवरून मारलं की ठोके जास्त लागतात आणि मऊ माती कागदावर कडक दिसते, त्यावर घर बांधलं असतं तर पावसाळ्यात माती फुगून भिंती फाटल्या असत्या.

एजन्सीवाला आधी म्हणाला रिपोर्टवर सही शिक्का आहे ना मग काय प्रॉब्लेम, आता फोनच उचलत नाही. तुमच्याकडे बोर चालू असेल तर एक दिवस सुट्टी टाका पण तिथं उभे राहा, प्रत्येक होलचा टेप लावून फोटो काढा, पूर्ण पैसे आधी देऊ नका.

दुसरीकडून परत टेस्ट करून घेतली, मी आणि अण्णा दिवसभर छत्री धरून बसलो. दीड मीटरवर मोठ्याने ठोके मोजले, ६ आले. मुरूम लागला पावणेचार मीटरला.