पीएसक्यूएल-ओडीबीसी ड्रायव्हर: अ‍ॅक्सेसमधून पोस्टग्रेसमधील नोंदी दुरुस्त करताना

एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभासद-नोंदींची संगणकीय व्यवस्था मी पाहतो. चार संगणकांवर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचे फॉर्म आहेत, माहिती मात्र सर्व्हरवरील पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसमध्ये राहते, आणि या दोहोंना जोडण्याचे काम पीएसक्यूएल-ओडीबीसी हा विनामूल्य, मुक्तस्रोत ड्रायव्हर करतो. जोडणी होणे वेगळे आणि दुरुस्त केलेली नोंद खरोखर जतन होणे वेगळे, हे या कामात फार लवकर कळते. म्हणून या ड्रायव्हरचे मोल मी दुसऱ्या गोष्टीवरून ठरवतो.

बसवताना दोनच गोष्टी जपाव्यात. अ‍ॅक्सेस ३२ बिटचे असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच लागतो, विंडोज ६४ बिटचे असले तरी. शिवाय ड्रायव्हरच्या 'आन्सी' आणि 'युनिकोड' अशा दोन आवृत्त्या एकत्रच बसतात. त्यांतली युनिकोडच निवडावी, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

आता मुख्य मुद्दा. जुन्या फाइलमधली माहिती पोस्टग्रेसमध्ये आणल्यावर काही दिवसांनी ग्रंथपाल बाईंनी कळवले की एका सभासदाचा बदललेला पत्ता जतन होत नाही. 'राइट कॉन्फ्लिक्ट' अशी चौकट येते आणि ही नोंद दरम्यान दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे असे सांगते. त्या वेळी बाकीचे तिन्ही संगणक बंद होते. एकेक नोंद तपासत गेलो तेव्हा दिसले की जुन्या फाइलमधून आणलेले सभासद बिनतक्रार दुरुस्त होतात, नव्याने दाखल केलेलेच अडतात. हा फरक हाती आला नसता तर मी नेटवर्कच्या तारा तपासत बसलो असतो.

डेटा बदलणाऱ्या सर्व आज्ञा लॉगमध्ये लिहून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. ती चालू केल्यावर उलगडा झाला. अ‍ॅक्सेस नोंद वाचल्यापासून जतन होईपर्यंत ती कुलूपबंद ठेवत नाही. जतन करताना ते सर्व्हरला सांगते की अमुक क्रमांकाची ओळ बदल, पण तिच्या इतर कॉलमांतील मूल्ये मी वाचली तेव्हा होती तशीच असतील तरच. आमच्या तक्त्यात नोंदणीची वेळ सर्व्हर स्वतः भरत असे, तीही सेकंदाच्या दहालाखाव्या भागापर्यंत. अ‍ॅक्सेस सेकंदाखालचा भाग सोडून देते. त्यामुळे तक्त्यात १०:४२:१७.६३८२०४ आणि आज्ञेतील अटीत १०:४२:१७, अशी गाठ पडून एकही ओळ जुळत नव्हती. आणि शून्य ओळी बदलल्या की अ‍ॅक्सेस त्याचा एकच अर्थ लावते, तो म्हणजे नोंद दुसऱ्या कोणी बदलली. जुन्या नोंदींत नुसती तारीख होती, म्हणून त्या सुटल्या. चूक तक्त्याच्या रचनेतली, म्हणजे माझी होती.

कॉलमची अचूकता पूर्ण सेकंदांपुरती मर्यादित करणे हा एक उपाय होता. पण ड्रायव्हरमधला 'रो व्हर्जनिंग' हा पर्याय त्याहून मुळाशी जाणारा आहे. पोस्टग्रेस प्रत्येक ओळीसोबत 'एक्समिन' नावाच्या अंतर्गत कॉलममध्ये ओळीची ती आवृत्ती लिहिणाऱ्या व्यवहाराचा (ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधील बदलाची एक खेप) क्रमांक ठेवतेच. हा पर्याय निवडला की सगळे कॉलम ताडून पाहण्याऐवजी फक्त ओळीचा क्रमांक आणि एक्समिन पाहिले जाते. वेळेचे अपूर्णांक, दशांश संख्यांतील सूक्ष्म फरक यांचा प्रश्नच उरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये यासाठी तक्त्यात 'रोव्हर्जन' प्रकारचा कॉलम वाढवावा लागतो. इथे तक्त्याला हातही लावावा लागत नाही, ही मला या ड्रायव्हरची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

तरीही हा पर्याय मुळात बंद असतो आणि 'डेटासोर्स' बटणामागच्या दाट चौकटीत दडलेला असतो, ही माझी तक्रार आहे. त्यातच, तो निवडून परत आलो तरी काहीच बदलत नाही, कारण सर्व्हरवरचा तक्ता लिंक करताना, म्हणजे अ‍ॅक्सेसला जोडून घेताना, असलेली जोडणी आणि तक्त्याची माहिती अ‍ॅक्सेस स्वतःजवळ जपून ठेवते. जुने लिंक काढून सर्व तक्ते नव्याने लिंक केल्यावरच फरक पडतो. यात माझी एक अख्खी दुपार गेली. मदतपानावर प्रत्येक पर्यायाला दोन-चार ओळींचेच स्पष्टीकरण आहे. तिथे अ‍ॅक्सेस वापरणाऱ्यांसाठी वेगळे प्रकरण असायला हवे.

होय-नाही प्रकारच्या कॉलमांसाठी ड्रायव्हरच्या पर्यायांतले 'बूल्स अ‍ॅज कॅर' काढून टाकावे आणि 'ट्रू इज मायनस वन' निवडावे, कारण अ‍ॅक्सेसमध्ये 'होय' म्हणजे उणे एक. असे कॉलम रिकामे राहू देऊ नयेत. प्राथमिक कळ, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा कॉलम, तर प्रत्येक तक्त्याला हवीच. ओळ ओळखण्याची काहीच खूण नसेल तर लिंक केलेला तक्ता फक्त वाचता येतो.

शेवटी दोन संगणकांवर एकाच सभासदाची नोंद मुद्दाम उघडली. एकीकडे दूरध्वनी बदलून जतन केला, दुसरीकडे पत्ता. दुसऱ्या संगणकावर तीच चौकट पुन्हा आली, आणि या वेळी ती सांगत होती ते खरे होते. बाईंनी बदल रद्द केला, नवा दूरध्वनी नोंदीत दिसल्याची खात्री केली आणि मग पत्ता पुन्हा भरला. तो पहिल्याच वेळी जतन झाला.