ब्युरोची मावशी: बारा तासांच्या ड्यूटीत काय मिळतं?

घरच्या अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची काळजी घ्यायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला की दोन-तीन दिवसांत मावशी दारात हजर. सुट्टीला बदली मिळते, आधारकार्डाची झेरॉक्स मिळते. पुण्या-मुंबईत एवढी सोय नक्कीच आहे. घोळ आहे तो ‘ट्रेंड’, म्हणजे प्रशिक्षित, या शब्दात. जनरल ड्यूटी असिस्टंटचं, म्हणजे पेशंटची रोजची काळजी घेणाऱ्या मदतनिसाचं, प्रमाणपत्र आहे का विचारा. बऱ्याच जणी आधीच्या घरच्या पेशंटवरच शिकलेल्या असतात. ‘नर्स’ म्हणून पैसे लावले असतील, तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायचाच. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बदलणं मावशींचं काम नव्हे.

पहिल्या दिवशी दोन कामं समोर करून घ्या. एक, खुर्चीत बसवणं. पक्षाघाताने उजवी बाजू गेली असेल तर व्हीलचेअर डावीकडे, पलंगाला तिरकी. ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या वर. काखेत हात घालून ओढलं की लुळा खांदा सांध्यातून सरकतो. कंबरेला रुंद पट्टा बांधून तिथे धरायचं, लुळ्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा टेकू द्यायचा.

दुसरं, दर दोन तासांनी कूस बदलणं. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुहेरी चादर अंगाखाली घालून दोघांनी उचलायचं. एकटीने फरफटवलं की माकडहाडावरची कातडी सोलवटते. तिथे लाली दिसली तर बोटाने दाबा. दाबल्यावर फिकी न पडता तशीच लाल राहिली तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा आणि त्या जागेवर भार देऊ नका. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, हाताला गरम किंवा कडक लागतंय का पाहा. इथे हमखास तेल-पावडर चोळली जाते. नेमकं तेच करायचं नाही, आतली दबलेली कातडी आणखी दुखावते.

चोवीस तासांची ड्यूटी स्वस्त पडते म्हणून घेतात. दोन-दोन तासांनी उठणारी बाई झोपणार कधी? मग रात्र सुनेवर येते, आणि तिला हे कोणी शिकवलेलंच नसतं. बदलीवाली नवी मावशी आली की तिला शिकवायचं मात्र सुनेनेच! म्हणून पहिल्या दिवशी सुनेलाही मावशींसोबत उभं करा, आणि तिच्या नवऱ्यालाही. उशाशी वही हवी: वेळ, कोणती कूस, लघवी किती, खाल्लं काय.

ब्युरोच्या सेवेला पाचपैकी तीन गुण. वही स्वतःहून देणारा ब्युरो असेल तर साडेतीन.