नेमस्पेसच्या आतला एनम: टाइप अलियस की ‘युझिंग एनम’?

सी++ मध्ये एनम (ठराविक नावांच्या मूल्यांचा टाइप) तीन नेमस्पेसच्या (नावांच्या गटांच्या) आत असला की स्विचच्या प्रत्येक केसला ‘प्लांट::मोटर::कंट्रोल::स्टेट::आयडल’ लिहावं लागतं. ‘युझिंग नेमस्पेस’ने फक्त नेमस्पेस गळतात, एनम क्लासचं (ज्याच्या मूल्यांआधी एनमचं नाव लिहावंच लागतं अशा एनमचं) नाव तसंच राहतं. नेमस्पेस अलियस (नेमस्पेसला दिलेलं छोटं पर्यायी नाव) ‘कंट्रोल’पर्यंत नेता येतो, पुढे ‘स्टेट’वर लावला की कंपायलर अडवतो, कारण एनम हा टाइप आहे. मग खरी निवड दोघांतच उरते.

पहिला, सी++११ पासूनचा टाइप अलियस: फंक्शनच्या सुरुवातीला ‘युझिंग एसटी = प्लांट::मोटर::कंट्रोल::स्टेट;’ आणि पुढे ‘एसटी::आयडल’. दुसरा, सी++२० मधला ‘युझिंग एनम’. त्याला कंपायलर जीसीसी ११ किंवा क्लँग १३ तरी हवा. तो स्विचच्या कंसाच्या आतच लिहिता येतो. तिथे नुसतं ‘केस आयडल:’ पुरतं, आणि कंस मिटला की नावंही संपतात. वाचायला हाच जास्त सुटसुटीत, हे मान्य.

माझं मत फिरलं ते नावांच्या टकरीमुळे. ‘आयडल’, ‘एरर’, ‘अननोन’ ही नावं जवळपास प्रत्येक एनममध्ये असतात. एकाच स्कोपमध्ये (नाव चालतं तेवढ्या कोडच्या भागात) मोटर आणि व्हॉल्व्ह असे दोन एनम ‘युझिंग एनम’ने आणले आणि दोन्हींत ‘आयडल’ असला, तर एरर येते. ती लगेच दिसते, म्हणून एक वेळ चालेल. जास्त त्रास पुढे होतो. हेडरमध्ये (अनेक फाइल्स घेतात त्या सामायिक फाइलमध्ये) कोणी एनमला ‘लिमिट’ हे नवं मूल्य जोडतो. तुमच्या फंक्शनला बाहेरच्या नेमस्पेसमधला ‘लिमिट’ नावाचा पूर्णांक स्थिरांक हवा असतो, पण ‘युझिंग एनम’ आतल्या स्कोपमध्ये असल्यामुळे तो झाकला जातो. ‘काउंट > लिमिट’ या तुलनेवर एनम क्लास असेल तर निदान कंपायलर ओरडतो. साधा एनम असेल तर त्याचं आपोआप पूर्णांकात रूपांतर होतं, कोड बिनबोभाट कंपाइल होतो आणि चुकीच्या आकड्याशी तुलना करत राहतो. फंक्शनची एकही ओळ बदललेली नसते, त्यामुळे त्या फाइलच्या गिट डिफमध्येही (बदलांच्या यादीतही) काही सापडत नाही. अलियसमध्ये स्कोपला एकच नवं नाव मिळतं, तेही तुम्ही ठरवलेलं.

टेम्प्लेटमध्येही (टाइप नंतर ठरतो अशा कोडमध्येही) अलियसच उपयोगी. ‘टी::स्टेट’ हा टेम्प्लेट पॅरामीटरवर अवलंबून असेल तर ‘युझिंग एनम’ चालतच नाही.

तरी क्लासच्या आत ‘युझिंग एनम’ला तोड नाही: एनम बाहेर ठेवून वापरणाऱ्याला ‘मोटर::आयडल’ देता येतं. स्विच छोटा असेल, एकच एनम असेल आणि त्याचं हेडर तुमच्याच ताब्यात असेल, तर तिथेही जरूर वापरा. एकदोनच मूल्यं हवी असतील तर सी++२० मध्ये ‘युझिंग एसटी::आयडल;’ असं तेवढंच नाव आणता येतं. बाकी ठिकाणी मी अलियसच लिहितो, आणि हेडरच्या नेमस्पेस पातळीवर ‘युझिंग एनम’ ठेवत नाही, कारण तिथून ती नावं हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये पोचतात.