एक नया पैसा, 22,250 रुपयांना

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण लाज त्याहून जास्त वाटते. कारण तीस वर्षं मी जुनी नाणी जमवतोय.

जाहिरात नेहमीचीच: 1957 चा नया पैसा द्या, 3,75,000 रुपये घ्या. हे नाणं घरोघरच्या डब्यांत सापडतं, हे मला पक्कं ठाऊक. तरी आजीच्या डब्यातल्या नाण्याचा फोटो पाठवलाच. पावसाळ्याआधी छताचं काम काढायचं होतं, काय करता!

व्हॉट्सअॅपवर 'रिझर्व्ह बँकेचं' पत्र आलं, सही-शिक्क्यासकट. नोंदणीचे 1,550 भरले. जीएसटीचे 8,200 भरले. 'ना हरकत'चे 12,500, तेही भरले. 18,999 चा विमा मागितला तेव्हा कुठे डोळे उघडले.

पण उघडायला हवे होते पत्र आलं तेव्हाच. त्यात लिहिलं होतं, 'सन 1955, मुंबई टांकसाळ'. दशमान नाणी, म्हणजे रुपयाचे शंभर पैसे मानणारी, चलनात आली 1 एप्रिल 1957 ला. माझ्या नाण्यावर भिंगातून 1957 स्वच्छ दिसत होतं आणि सालाखाली टांकसाळीची खूणच नव्हती. मुंबईची खूण हिऱ्याची. बिनखुणेचं नाणं कलकत्त्याचं. दोन्ही चुका दिसल्या हो मला! आणि मी काय केलं? दशमान नाण्यांचा कायदा 1955 चाच, बाबूनं तेच साल टाकलं असेल, म्हणून चोरांची वकिली मीच केली. नाण्यांतलं काही न कळणारा फसला असता तर समजलं असतं.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय, जुन्या नाण्या-नोटांसाठी ती कसलंही शुल्क घेत नाही. मी वाचलं पैसे गेल्यावर.

बँकेत म्हणाले, "पाठवले तुम्हीच ना?" भर मे महिन्यात पोलीस ठाण्यात गेलो, दोन तास बाकावर. हवालदार हसला, "काका, एका पैशासाठी बावीस हजार?" मग म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणे ठाण्याचा कागद आणा. कागद आणला तर त्यावर शिक्का नाही! सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा. मी लाजेपायी चार दिवस घालवले, ते ऐकवायला मात्र सगळे तयार. इतवारीतल्या जुन्या नाण्यांच्या दुकानदाराला नाणं आधीच दाखवायला हवं होतं. आता दाखवलं, तो दहा रुपये म्हणाला.

काल पुन्हा फोन: "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त 2,100 भरा." नंबर लिहून घेऊन ठाण्यात गेलो. साहेब जेवायला गेले होते.