‘सस्पेन्शन लोडिंग’च्या नावाखाली २३,२५१ रुपयांची टोपी

लायसन्स निलंबित झालं म्हणून गाडीचा विमा महाग पडेल, असं कुणी सांगितलं तर तिथूनच उठा. मला हे सांगणारा आरटीओच्या फाटकाबाहेर छत्रीखाली प्रिंटर मांडून बसला होता.

माझी ई-चलनांची थकबाकी ९,७०० रुपये. त्यातली निम्मी मेहुण्याची कर्तबगारी, पण गाडी माझ्या नावावर, म्हणून पाप माझ्या माथी. दोन चलनं सिग्नल तोडल्याची होती. त्यावरून नोटीस आली आणि लायसन्स तीन महिने निलंबित झालं. विमाही नेमका त्याच आठवड्यात संपत होता. गाडी बायको चालवणार होती, तिचं लायसन्स ठणठणीत.

“साहेब, सस्पेंड लायसन्सवर ऑनलाइन पॉलिसी निघतच नाही. सिस्टीम रिजेक्ट मारते. लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लावून काढावी लागेल. चलनंही लोकअदालतीत पाच हजारांत मिटवतो, आतला माणूस आहे.” विम्याचे १८,२५१ आणि चलनांचे ५,००० रुपये. यूपीआय करताना वर विमा कंपनीऐवजी एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, “भावाचं खातं आहे.” हे असलं उत्तर ऐकलंत तर पैसे टाकू नका.

दहा मिनिटांत पीडीएफ आली. कंपनीचा लोगो, क्यूआर कोड, सगळं व्यवस्थित. आणि त्यात ती ओळ होती: थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा सक्तीचा विमा, ६,८३२ रुपये. माझी गाडी ११९७ सीसीची. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टीचा दर १ जून २०२२ पासून ३,४१६ रुपये आहे. तो सरकार ठरवतं, प्रत्येक कंपनीत तोच. मागच्या वर्षीच्या पॉलिसीवरही तोच आकडा होता, आणि ती पॉलिसी माझ्या हातातल्याच फाइलीत होती! बरोब्बर दुप्पट लावले त्या हरामखोराने. वर मालक-चालक अपघात विम्याचे पैसेही घेतले. वैध लायसन्स असलेल्यालाच मिळणारं ते संरक्षण, आणि माझं लायसन्स तर निलंबित. पण बाकी हप्ता दरवर्षी बदलतोच, त्यात जीएसटी. पीडीएफमधली प्रत्येक ओळ ताडून बघणारा माणूस मला दाखवा.

एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर विमा दिसेना. “अपडेट व्हायला वेळ लागतो साहेब.” आठवडाभरात नोंद दिसली नाही, तर थेट कंपनीला पॉलिसी नंबर विचारा. क्यूआर कोडही स्कॅन करून बघा. माझा कुठेच उघडत नव्हता. आम्ही चार महिने विम्याशिवाय गाडी फिरवली. या काळात कुणाला धडक बसली असती, तर भरपाई खिशातून द्यावी लागली असती, म्हणजे घर विकून. शेवटी नाकाबंदीत बायकोला अडवलं. मशीनवर विमा संपलेला. दंड २,००० रुपये. चलनंही जशीच्या तशी थकलेली.

आता यंत्रणेची तत्परता ऐका. दंडाची पावती जागच्या जागी मिळाली. चौकीत मात्र, “पैसे तुम्हीच टाकलेत ना? मग हा आपसातला व्यवहार.” सायबरवाले म्हणाले, माणूस समोर बसलेला असताना पैसे दिलेत, मग हे सायबर कसलं? कंपनी म्हणाली, हा नंबर एका दुचाकीच्या पॉलिसीचा आहे, तुम्ही आमचे ग्राहकच नाही, म्हणून तक्रार घेता येत नाही. आरटीओत खिडकीवरच्या बाईंनी न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: ‘दलालांपासून सावध राहा’. पाटी आत, दलाल फाटकात, आणि त्याच्याकडून चहा पिणारे कोण ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

ऑनलाइन फसला असाल तर लगेच १९३० ला फोन करा, विम्याच्या तक्रारीसाठी १५५२५५. विमा संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. माझा ३५ टक्क्यांचा गेला. नवी पॉलिसी कंपनीच्या साइटवरून काढली. तिथे लायसन्सचा नंबरसुद्धा कुणी विचारला नाही.

पीडीएफ, चॅट आणि यूपीआयची पावती माझ्याकडे आहे. फाटकाबाहेरच्या छत्रीखालून तुम्हीही पॉलिसी घेतली असेल तर आजच तपासा आणि खोटी निघाली तर मला कळवा. तक्रारदार तिघे-चौघे झाले, की चौकीतल्या साहेबांना ‘आपसातला व्यवहार’ म्हणणं जड जाईल.