टिटो पुएंते: 'द मॅम्बो किंग्ज' की 'काये ५४'?
'द मॅम्बो किंग्ज' (१९९२) या चित्रपटात लॅटिन संगीतातला नामवंत वादक टिटो पुएंते स्वतःच्याच भूमिकेत आहे. मॅम्बो म्हणजे क्यूबाचं नाचाचं संगीत. १९५०च्या दशकातलं न्यूयॉर्क, पॅलेडियमचा नाचाचा हॉल, सगळं झकास. पण गोष्ट दोन क्यूबन भावांची, पुएंते पाहुणाच.

'काये ५४' (२०००) या माहितीपटात मुळात कथानकच नाही. दिग्दर्शक फर्नांदो त्रुएबाने स्टुडिओत लॅटिन जॅझच्या वादकांना वाजवू दिलं, बस्स. टिंबालेसवर, म्हणजे पत्र्याच्या जोड-ढोलांवर, पुएंतेची काठी कधी कातड्यावर, कधी ढोलाच्या पत्र्यावर. तबलजीच्या बोटांकडे आपण कसे टक लावून बघतो, तसं इथे बघता येतं. त्याच वर्षी पुएंते गेला, हे आठवलं की गळा दाटतो.

आधी 'काये ५४'च बघा. 'मॅम्बो किंग्ज' नंतर, त्या काळाची हवा अनुभवायला.